परसातील हौद

कुत्र्याला डुंबण्यासाठी घराच्या परसात एखादा लहानसा हौद करावा की करू नये, हा प्रश्न नीतिविचाराचा विषय म्हणून मांडला तर पुष्कळांना हसू येईल. धर्म, न्याय, समता असे भारदस्त विषय सोडून लेखक कुत्र्याच्या स्नानाकडे का वळला, असेही कोणी विचारील. परंतु माणसाच्या नीतीची परीक्षा मोठ्या प्रसंगापेक्षा लहान प्रसंगीच अधिक वेळा होते, असे आमचे मत आहे. रणांगणावर कसे वागावे, याचा निर्णय आपणांपैकी फारच थोड्यांना करावा लागतो. पण वैशाखातल्या दुपारी दारातील मुक्या जनावरासाठी काय करावे, किती करावे आणि कोठे थांबावे, याचा निर्णय ज्याच्या घरी कुत्रा आहे अशा प्रत्येक गृहस्थास दरवर्षी करावा लागतो. असे हौद हल्ली काही घरांच्या आवारांत दिसू लागले आहेत. त्यांकडे पाहून एक पक्ष म्हणतो, ही पैसेवाल्यांची चैन आहे. दुसरा म्हणतो, ही भूतदया आहे. दोन्ही पक्षांचे म्हणणे थोडे थोडे खरे आहे. मात्र कोणाचे किती खरे, हे हौद केवढा, कशासाठी आणि कोणाच्या पाण्याने भरलेला, हे पाहिल्यावाचून सांगता येणार नाही.

प्रथम चैनीचा आक्षेप घेऊ. चैन कशाला म्हणावे? ज्यावाचून कोणाचे काही अडत नाही, अशा सुखाला आपण चैन म्हणतो. तेव्हा उन्हाळ्यात कुत्र्याचे पाण्यावाचून अडते की नाही, हे आधी पाहिले पाहिजे, आणि ते त्याच्या शरीराला विचारले पाहिजे, आपल्या समजुतीला नव्हे. माणसाला सर्वांगाला घाम येतो व तो वाळताना अंगातील उष्णता घेऊन जातो. कुत्र्याच्या वाट्याला ही सोय फार थोडी आली आहे. त्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना. त्याचा खरा भरवसा धापेवर असतो. जीभ बाहेर काढून तो जलद श्वास घेतो; तोंडातील व श्वासमार्गातील ओलावा वाफ होऊन जातो आणि त्याबरोबर उष्णता जाते. हवा कोरडी असली तर हे काम बरे चालते. कोकणपट्टीतल्यासारखी दमट असली तर धाप कितीही लागली तरी वाफ होत नाही आणि श्रम मात्र वाढतात. कुत्र्याच्या शरीराचे स्वाभाविक तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते 41 अंशांपलीकडे गेले की उष्माघाताचे भय उत्पन्न होते, आणि वेळीच अंग गार केले नाही तर जनावर दगावते. म्हणून अंग भिजविणे हे कुत्र्याला मिळणारे केवळ सुख नव्हे. त्याच्या देहात निसर्गाने जी सोय अपुरी ठेवली, तिची ती भरपाई आहे.

यावर कोणी म्हणेल की, आपल्या गावांतली कुत्री शेकडो वर्षे असल्या हौदावाचून जगत आली आहेत. हे खरे आहे. आखूड केसांचे, सडपातळ बांध्याचे गावठी कुत्रे, किंवा महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमाभागातील कारवान जातीचे शिकारी कुत्रे, या हवेला सरावलेले आहे. ते दुपारी झाडाखाली माती उकरून गार जागा करते, ओढ्यात जाऊन बसते आणि सूर्य कलल्यावर उठते. पण त्या कुत्र्याला जाण्यायेण्याची मोकळीक होती. आपण त्याला साखळी घातली, अंगणाला फरशी घातली, ओढ्याकडे जाणारी वाट फाटकाने बंद केली. आणि मग ते पूर्वी आपली सोय आपण पाहत असे, असे म्हणू लागलो. ज्याची स्वतःची सोय स्वतः करण्याची शक्ती आपण काढून घेतली, त्याची सोय पाहणे हे आपल्यावर ऋण आहे. त्यातही सैबेरियाच्या बर्फात गाडी ओढण्यासाठी तयार झालेले, दुहेरी केसांचे हस्की जातीचे कुत्रे आणून नागपुरासारख्या शहरात, जेथे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, हौसेने पाळणारे लोक आहेत. त्या जनावराने नागपूर पसंत केलेले नाही. येथे भूतदयेचा प्रश्न येण्यापूर्वीच जबाबदारीचा प्रश्न येतो. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात, आपल्यामागून आलेल्या कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात बसण्यास युधिष्ठिर नकार देतो. कुत्रा थोर आहे किंवा गोजिरवाणा आहे, असे त्याचे म्हणणे नाही. जो आपल्या आश्रयाला आला त्याचा त्याग करणे पाप आहे, एवढेच तो सांगतो. तेथे तर कुत्रा आपण होऊन आला होता. आपल्या घरचा कुत्रा आपण पैसे मोजून आणलेला असतो. मग आपले बंधन किती अधिक असावे, याचा हिशोब वाचकांनीच करावा.

कायद्याने हे बंधन किती मानले आहे, हेही पाहण्यासारखे आहे. 1960 सालच्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्यान्वये मालकाने जनावराला पुरेसे अन्न, पाणी व आसरा न देणे हा अपराध ठरतो. 1976 सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांची यादी राज्यघटनेत घातली. तीत सर्व सजीवांविषयी करुणा बाळगण्याचे कर्तव्य आहे. तेव्हा पिण्याचे पाणी देणे कायद्याने आवश्यक आहे. डुंबण्याचे पाणी देण्याविषयी कायदा मुका आहे. आमच्या मते तो तसा असावा, हेच योग्य. कायद्याने किमान मर्यादा सांगावी. तिच्यापुढचा प्रदेश माणसाच्या विवेकाचा आहे.

आता या विवेकाने हौद कसा करावा, हे पाहू. कारण आमच्या मते या प्रश्नाचे अर्धे उत्तर हौदाच्या बांधणीतच आहे. कुत्र्याला काय हवे असते? पाय ठेवायला स्थिर तळ, पोटापर्यंत किंवा फार तर छातीपर्यंत पाणी, वर सावली, आणि आपल्या इच्छेने आत जाण्याची व बाहेर येण्याची सोय. याहून अधिक त्याचे काही मागणे नसते. लहान मुलांना खेळण्यासाठी मिळतो तसा टणक प्लास्टिकचा पसरट टब एवढ्यासाठी पुरेसा आहे. हवा भरून फुगविण्याचे टब स्वस्त दिसतात, परंतु नखांनी फाटतात. तेल किंवा रसायने भरलेले नव्हते अशी खात्री असलेले 200 लिटरचे प्लास्टिकचे पिंप उभे चिरून आडवे केले, कडा घासून बोथट केल्या आणि दोन्ही बाजूंना विटांचा आधार दिला की दोन लहान हौद होतात. ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळचे मोठे घंगाळ माळ्यावर धूळ खात पडले असेल, त्यांना लहान कुत्र्यासाठी तेवढाही खर्च नाही. तळाशी रबराची चटई घालावी, म्हणजे पाय घसरत नाहीत. खोल बांधीव हौद असेल तर त्याला उतरण किंवा पायरी हवीच. कुत्र्याला पोहता येते, पण गुळगुळीत उभ्या भिंतीवर चढता येत नाही. आपल्याकडील प्लास्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यांत पाणी प्यायला उतरलेली जनावरे, आणि कधी माणसेही, निसरड्या उतारावरून वर न येता आल्यामुळे बुडतात, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्या पाण्यातून बाहेर येण्याची वाट नाही, ते पाणी उपकारक नाही.

काही पथ्ये याहूनही साधी आहेत. लॅब्राडोर पाणी दिसताच झेप घेतो. पण बुलडॉग किंवा पग या चपट्या नाकाच्या, आखूड पायांच्या कुत्र्यांना नीट पोहता येत नाही, म्हणून त्यांच्याजवळ माणूस असलाच पाहिजे. कोणत्याही कुत्र्याला उचलून पाण्यात टाकू नये. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो व सुमारे आठदहा दिवसांत नवा डास उडू लागतो. म्हणून रोज जमले नाही तरी दोनतीन दिवसांनी हौद रिता करून घासून कोरडा करावा. उंदरांच्या मूत्राने पाणी दूषित झाले तर त्यातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग कुत्र्याला होतो आणि माणसालाही होतो. घरात रांगते मूल असेल तर खेळ संपताच पाणी काढून टाकावे, कारण मूल बुडायला वीतभर पाणीही पुरते. शेवटी कुत्र्याचे कान पुसून कोरडे करावेत.

वाचक म्हणतील, नीतीच्या निबंधात ही चटई, पिंपे आणि कान पुसणे कशाला? आमचे उत्तर असे की, दया ही केवळ अंतःकरणाची ऊर्मी नाही. ती एक प्रकारचे ज्ञानही आहे. ज्याच्यावर दया करावयाची त्याचा स्वभाव, त्याचे शरीर, त्याचे भय जाणून न घेता केलेली दया पुष्कळदा दात्याच्याच करमणुकीची होते. निळ्या फरशीचा, कारंज्याचा, रात्री दिवे लागणारा तलाव कुत्र्यासाठी बांधला, असे जो म्हणतो, त्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा: कुत्र्याला त्या निळाईचे काय? कुत्र्याचे सुख पाण्याच्या पहिल्या फूटभर खोलीतच संपते. त्याखाली जे काही आहे ते पाहुण्यांना दाखविण्यासाठी आहे. म्हणून स्वस्त हौद हा गरिबाचा नाइलाज आहे असे आम्ही मानीत नाही. घेणाऱ्याच्या गरजेएवढे देणे, हेच दानाचे योग्य माप आहे, आणि येथे ते माप योगायोगाने खिशालाही परवडते.

आता सर्वांत कठीण आक्षेपाकडे वळू. हा आक्षेप पैशाचा नाही, पाण्याचा आहे. चार फूट व्यासाच्या टबात दहा इंच पाणी भरले तर ते सुमारे 295 लिटर होते. भारत सरकारच्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागात दर माणशी दररोज 55 लिटर पाणी मिळावे असे प्रमाण धरले आहे. म्हणजे एका कुत्र्याचा एक वेळचा हौद हा पाचाहून अधिक माणसांचा एका दिवसाचा वाटा झाला. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद व सव्वा मीटरहून किंचित कमी खोल असा बांधीव तलाव घेतला तर सुमारे 38,000 लिटर पाणी लागते. ते जवळजवळ 700 माणसांचे एका दिवसाचे पाणी आहे. 2016 सालच्या एप्रिल महिन्यात लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले होते, ही गोष्ट जुनी झालेली नाही. ज्या प्रांतात माणसांच्या तोंडचे पाणी वाघिणींत भरून आणावे लागते, तेथे परसातल्या हौदाचा विचार करताना ज्याला संकोच वाटत नाही, त्याच्या भूतदयेविषयी आम्हांस शंका वाटते.

तरी या हिशोबाचा अर्थ नीट लावला पाहिजे. टबातील पाणी नाहीसे होत नाही. त्यात साबण घातला नाही तर तेच पाणी संध्याकाळी नारळाला, केळीला किंवा जास्वंदीला घालता येते. जे पाणी बागेला जाणारच होते ते वाटेत कुत्र्याला निववून गेले, एवढाच फरक होतो. ज्याच्या घरी बाग नाही आणि नळाला दिवसाआड पाणी येते, त्याने हौद करू नये. ओले गोणपाट अंथरावे, पंजे व पोट ओल्या फडक्याने पुसावे, सावली व पंखा द्यावा. बादलीभर पाण्यात हे काम होते. टंचाईच्या वर्षी तर बागवाल्यानेही हेच करावे. कुत्र्याचा अधिकार गारव्यावर आहे, हौदावर नाही; गारवा कमी पाण्यात देता येत असेल तर अधिक पाणी खर्चण्याचे समर्थन त्याच्या नावावर करता येत नाही. कुत्रा आणि तहानलेला माणूस यांपैकी एकाचीच निवड करावी लागेल, असा प्रसंग मात्र आपल्या परसात क्वचितच येतो. बहुधा निवड असते ती कुत्र्याचा गारवा आणि आपली मोटार धुण्याचा नळ यांमध्ये, आणि मोटारीच्या वेळी मात्र लातुराची आठवण कोणाला होत नाही. कुत्र्याच्या टबाकडे बोट दाखविणाऱ्याने आपल्या घरचे सगळे पाणी एकदा मोजून पाहावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

येथपर्यंत आम्ही कुत्र्याचा पक्ष घेतला. आता त्याच्या पक्षकारांशी दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने आपल्या नीतिशास्त्रावरील व्याख्यानांत असे प्रतिपादन केले की, पशूंविषयी माणसाला साक्षात् कर्तव्य असे नाही. परंतु पशूंशी निर्दयपणे वागणारा माणूस माणसांशीही निर्दय होतो, आणि पशूंशी ममतेने वागणाऱ्याची माणसांविषयीची ममता वाढते, म्हणून पशूंशी दयेने वागावे. त्याच्याच काळातील इंग्रज विचारवंत बेंथॅम याने 1789 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात निराळी कसोटी मांडली: पशूला बुद्धी आहे की नाही, वाचा आहे की नाही, हा मुद्दाच नाही, त्याला दुःख होते की नाही, हा मुद्दा आहे. आम्हांस बेंथॅमची कसोटी अधिक सरळ वाटते. कुत्र्याला गार करावयाचे ते कुत्रा तापला म्हणून. त्याच्या पाठीवर पाणी ओतून आपण माणसांशी वागण्याचा सराव करीत असतो म्हणून नव्हे.

आणि कांटची आशा किती फोल ठरू शकते, याची साक्ष आपल्याच प्रांताने दिलेली आहे. 1923 साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत असा ठराव केला. तरीही महाडच्या चवदार तळ्यावर त्यांना पाणी भरता येत नव्हते. त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत. कुत्र्यालाही कोणी हरकत घेत नसे. हरकत होती ती माणसाच्या ओंजळीला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह ते पाणी प्राशन केले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला, आणि तळे बाटले असे समजून पुढे त्याची शुद्धीही करण्यात आली. न्यायालयात हा वाद मिटण्यास 1937 साल उजाडावे लागले. ज्या गृहस्थांनी त्या दिवशी काठ्या उगारल्या, त्यांपैकी कित्येकांच्या घरी गोग्रास काढला जात असेल, मुंग्यांना साखर घातली जात असेल. पशूंवरची दया त्यांच्या ठायी होती. पण ती माणसापर्यंत पोचली नाही. कांट म्हणतो तशी ती आपोआप पसरली असती तर महाडचा सत्याग्रह करण्याची पाळीच आली नसती.

यावरून काहीजण असा निष्कर्ष काढतात की, पशूंवरची दया हे ढोंग आहे आणि माणसांचे सर्व प्रश्न सुटेपर्यंत ती बाजूस ठेवावी. हा निष्कर्षही आम्हांस मान्य नाही. आपल्याच परंपरेत याचे उत्तर आहे. रामेश्वरी नेण्यासाठी कावडीतून आणलेली गंगा एकनाथांनी वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली, ही कथा मराठी घरांतील मुलांना पाठ असते. त्याच एकनाथांनी पैठणास गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे, अस्पृश्य मानलेल्या घरचे मूल कडेवर घेऊन त्याच्या घरी पोचविले, ही दुसरी कथाही तितकीच प्रसिद्ध आहे. दोन्ही कथांत ऊन तेच आहे आणि हातही तोच आहे. गाढवाला पाणी पाजल्यामुळे एकनाथ मुलाला उचलण्यास शिकले, असे परंपरा सांगत नाही. मुलाला आधी उचलले म्हणून गाढवाकडे दुर्लक्ष केले, असेही सांगत नाही. जेथे ताप दिसला तेथे ते थांबले. महाडच्या गृहस्थांना दया कमी पडली नाही; आपली दया कोणत्या रेषेपाशी थांबते आणि ती रेषा कोणी आखली, हे त्यांनी तपासले नाही. ते तपासणे हे विचाराचे काम आहे, आणि ते ज्याचे त्यालाच करावे लागते.

आपल्या परसालाही अशी एक रेषा असते. तिला आपण कुंपण म्हणतो. कुंपणाच्या आत पाळलेला कुत्रा टबात डुंबत असतो आणि कुंपणाबाहेर रस्त्यावरचा कुत्रा गटारात तोंड घालून जीभ ओली करीत असतो. दोघांचे शरीर एकाच नियमाने तापते. बाहेरच्या कुत्र्याला हौद द्यावा, असे आम्ही म्हणत नाही. त्याच्याशी आपला करार झालेला नाही, आणि भटक्या कुत्र्यांचा प्रश्न, त्यांच्या चाव्यांचे व रेबीजचे भय, हा स्वतंत्र व गंभीर विषय आहे. पण उन्हाळ्यात फाटकाबाहेर सावलीत पाण्याचे एक पसरट भांडे ठेवून ते रोज घासून भरणे यात कोणते अवघड काम आहे? जुन्या विहिरींच्या काठी गुरांसाठी दगडी डोणी असे. पाणी शेंदणारा वाटसरू आपला तांब्या भरण्याबरोबर डोणीतही चार पोहरे ओतून जाई. लंडन शहरात 1859 साली लोकांना फुकट पिण्याचे पाणी देण्यासाठी एक संस्था निघाली. तिने पुढे 1867 साली आपल्या नावातच गुरांच्या डोणीचा समावेश केला, आणि तिच्या कित्येक डोण्यांच्या पायथ्याशी कुत्र्यांसाठी एक निराळे लहान कुंड असे. घोडागाड्या गेल्या, विहिरी बुजल्या, आणि डोणीही गेली. तहान मात्र राहिली. आणि फाटकाशी पाणी ठेवावयाचेच, तर उन्हातान्हात पार्सले घेऊन येणारा तरुण, कचरा नेणारी बाई, रस्ता खोदणारा मजूर, यांच्यासाठी त्याच फाटकात, पण उंचावर, झाकलेला माठ व स्वच्छ पेला का नसावा? ज्या घरात कुत्र्यासाठी शेदोनशे लिटर पाणी आहे, त्या घरात माणसासाठी तांब्याभर पाणी नाही, असे कोणाला म्हणता येणार नाही.

तेव्हा परसात हौद करावा काय, या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. जागा, पाणी व बाग असेल तर अवश्य करावा. उथळ करावा, स्वस्त करावा, सावलीत करावा, आणि त्याचे पाणी झाडांच्या मुळाशी जावे अशी तजवीज करावी. पाणी नसेल तर ओल्या गोणपाटावर भागवावे आणि त्याची लाज बाळगू नये. ज्याला हवेचा हा ताप मुळातच सोसणार नाही, असा थंड देशचा कुत्रा आणूच नये. ते न आणणे हीच त्याच्यावरची पहिली दया आहे. आणि हौद भरून झाला म्हणजे नळ बंद करण्यापूर्वी एक भांडे व एक माठ आणखी भरावा, आणि ते दोन्ही कुंपणाच्या बाहेर ठेवावेत.